विद्यार्थ्यांचे लेखन आणि आपले वाचन



 भाषाशिक्षकांची ही परिषद पुण्या-मुंबईस न भरता तापीकाठच्या या शहरात भरत आहे, याचा मला विशेष संतोष वाटतो. महाराष्ट्रातील वाचकाला सुरत म्हटले की १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात, आणि ती आठवावीत यात वावगे काहीच नाही. परंतु भाषेच्या अध्यापनात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांनी या शहराचे आणखी एक साल स्मरणात ठेवणे उचित होय. ते साल १८४४. ज्यांचे मराठी भाषेचे व्याकरण आठ वर्षांपूर्वी, १८३६ साली, प्रसिद्ध झालेले होते आणि जे त्या काळी येथील सरकारी इंग्रजी शाळेत अध्यापन करीत होते, त्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी दुर्गाराम मेहताजी प्रभृती गुजराती सहकाऱ्यांसह त्या वर्षी येथे मानवधर्मसभा स्थापन केली. सभेचे कार्य धर्मसुधारणेचे होते, हे खरे. पण सभेत कोण काय बोलले, कोणी कोणती शंका काढली, याची टिपणे दुर्गाराम आपल्या रोजनिशीत करून ठेवीत, आणि पुढे महीपतराम रूपराम यांनी त्यांचे चरित्र लिहिले तेव्हा हीच रोजनिशी त्यांच्या कामी आली. बोललेले लिहून ठेवावे, लिहिलेले दुसऱ्याने वाचावे, आणि वाचणाऱ्याने त्यातून आणखी काही लिहावे, ही परंपरा या शहराला नवी नाही.

ज्यांचे नाव आज येथील विद्यापीठाने धारण केले आहे त्या नर्मदाशंकरांचेही उदाहरण पाहा. १८३३ साली सुरतेत जन्मलेल्या या तरुणाने १८५१ मध्ये, म्हणजे आपले विद्यार्थी ज्या वयात महाविद्यालयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात असतात त्या वयात, मंडळी स्थापन केल्याने होणाऱ्या लाभांवर एक निबंध रचून आपल्या सोबत्यांपुढे सादर केला, आणि अर्वाचीन गुजराती गद्याचा आरंभ पुष्कळ अभ्यासक त्या निबंधापासून मानतात. मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी १८४८ पासून निबंधवाचनाच्या सभा चालविल्या होत्या. त्या वातावरणात हा मुलगा वाढत होता. त्याची प्रतिभा असामान्य होती हे कोणीही मान्य करील. मला मात्र त्या प्रतिभेइतकेच महत्त्व त्याच्यासमोर बसलेल्या सोबत्यांचे वाटते. आपण लिहिले ते कोणीतरी ऐकणार आहे, त्यावर वाद घालणार आहे, हे त्या मुलाला लिहितानाच ठाऊक होते. आजच्या माझ्या संपूर्ण प्रतिपादनाचे बीज याच गोष्टीत आहे.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लिहिता येईनासे झाले आहे, ही तक्रार आज प्रत्येक शिक्षकदालनात ऐकू येते. ती नवी नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १८७४ साली प्रवेशेच्छू विद्यार्थ्यांची इंग्रजी निबंधलेखनाची परीक्षा घेण्यास प्रारंभ केला तेव्हा तेथील प्राध्यापक निकाल पाहून हतबुद्ध झाले होते. आणि त्यानंतर शंभर वर्षांनी, १९७५ मध्ये, 'न्यूजवीक' साप्ताहिकाने हाच विषय मुखपृष्ठावर मांडून साऱ्या देशात खळबळ उडविली होती. तक्रार जुनी आहे म्हणून ती खोटी ठरत नाही. 'असर' संस्थेने २०२३ साली देशातील निवडक ग्रामीण जिल्ह्यांत चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी सुमारे एक-चतुर्थांश मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या इयत्तेचा उतारा अस्खलित वाचता आला नाही. यांतलीच काही मुले उद्या आपल्या वर्गात येऊन बसणार आहेत, आणि ज्याला वाचताना अडखळावे लागते त्याच्या लेखणीकडून ओघाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

तथापि ऱ्हास नेमका कशाचा, याविषयी आपल्यात गल्लत होते. पुष्कळ शिक्षक ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोजतात. साहित्य महामंडळाच्या शिफारशीवरून १९६२ साली शासनाने स्वीकारलेले चौदा आणि १९७२ साली त्यांत भर पडलेले चार, असे शुद्धलेखनाचे एकंदर अठरा नियम विद्यार्थ्यांना यावेत, असे मलाही वाटते. पण वेलांटी चुकली म्हणून माझी झोप उडत नाही. ज्या गोष्टीने मी अस्वस्थ होतो ती निराळी आहे. विद्यार्थी 'जरी' लिहितो आणि 'तरी'पर्यंत पोचत नाही. 'म्हणून' लिहितो आणि मागे कारण सापडत नाही. वाक्याचा कर्ता एका ओळीत असतो आणि क्रियापद भलत्याच कोणाशी जुळते. विचाराचे एक टोक हाती धरून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्याची जी शक्ती वाक्यरचनेतून व्यक्त होते, ती क्षीण झाली आहे.

ती मुळातच नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. येथील लिंबायतच्या वस्तीतील एक विद्यार्थी माझ्याकडे काही काळ येत असे. घर मूळचे धुळे जिल्ह्यातले. वडील उधना भागातील यंत्रमागाच्या खात्यात बारा तासांच्या पाळीवर. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, बाजारात गुजराती आणि महाविद्यालयात इंग्रजी. एके दिवशी त्याने मला सांगितले, की बीमवरचा ताणा एका बाजूने सैल पडल्यामुळे कापडात पट्टा कसा उमटला, सगळा ताका व्यापाऱ्याने कसा परत केला, नुकसानीची रक्कम वडिलांच्या मजुरीतून कशी कापली गेली, आणि सैल पडलेला ताणा पाळी बदलण्याच्या वेळी कोणाच्याही नजरेला का आला नाही. कारण आणि कार्य, आधीचे आणि नंतरचे, दोष कोणाचा आणि भुर्दंड कोणाला, हे सारे त्या कथनात यथास्थित होते. मी त्याला म्हटले, हेच लिहून आण. दोन दिवसांनी त्याने जो कागद आणला त्याचा आरंभ असा होता: 'आजच्या आधुनिक युगात यंत्रमाग उद्योगाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे.' पुढे दीड पानभर याच जातीची वाक्ये होती. त्यांत ताका नव्हता, पट्टा नव्हता, वडील नव्हते.

हा मुलगा निर्बुद्ध नव्हता, आळशी तर मुळीच नव्हता. मार्गदर्शिकांतून आणि तयार उत्तरांतून त्याला असे शिकविले गेले होते, की लेखन म्हणजे जे आपले नाही ते लिहिणे. मी त्या कागदावर खुणा केल्या, समासात प्रश्न लिहिले, 'हे तू पाहिलेस का?' असे विचारले आणि कागद परत दिला. त्याने पुन्हा लिहिले, मी पुन्हा परत दिला. असे काही आठवडे चालल्यानंतर त्याच्या लेखनात एक वाक्य आले: 'सकाळच्या पाळीचा कारागीर घाईत होता आणि रात्रीचा दमलेला होता, म्हणून ताणा सैल पडला आहे हे दोघांनाही दिसले नाही.' या वाक्यातला 'म्हणून' आपल्या जागी बसलेला आहे.

आता मला जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात सांगतो. आपले विद्यार्थी लिहीत नाहीत याचे आद्य कारण, त्यांनी लिहिलेले कोणी वाचत नाही, हे आहे.

आपल्या पूर्वसूरींना हे पूर्णपणे अवगत होते. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला वाहिला आहे. अक्षर वळणदार असावे, ओळी नेमक्या असाव्यात, कागदाच्या कडा सोडाव्यात, ग्रंथाचा आरंभ आणि शेवट एकाच हातचा वाटावा, असा तेथील उपदेश आहे. पण त्या तपशिलाच्या मुळाशी वाचणाराच बसलेला आहे, कारण अक्षर पाहताक्षणी चतुर माणसाचे समाधान व्हावे, ही अपेक्षा तेथे प्रारंभीच केलेली आहे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, असेही समर्थ बजावतात. म्हणजे लिहिणाऱ्याने आपल्याच उत्तरवयातील डोळ्यांचाही विचार करावा, इतकी दूरदृष्टी त्यात आहे.

जुन्या दफ्तरांची रीतही हीच होती. कचेरीत नवा उमेदवार बसला की प्रथम त्याच्याकडे नकला येत. हात बसला की मसुदे येत. मसुद्यावर अव्वल कारकुनाची लेखणी फिरे, मायना चुकला असेल तर तो बदले, मजकूर पसरट असेल तर आखडला जाई, आणि दुरुस्त झालेल्या मसुद्याची पक्की प्रत पुन्हा त्याच उमेदवाराला करावी लागे. आपले वाक्य कोठे आणि का बदलले, हे त्याला स्वतःच्या हाताने लिहूनच समजे. त्या काळची पत्रे आज अभ्यासकाने हाती घेतली, तर अल्पशिक्षित कारकुनांच्या गद्यातही जो आटोपशीरपणा आणि ठामपणा दिसतो, तो कोणा विद्यापीठाने दिलेला नव्हता.

आता आपली स्थिती पाहू. विद्यार्थी सत्राअखेर उत्तरपत्रिका लिहितो. परीक्षक काही मिनिटांत ती तपासून गुण मांडतो. ती गठ्ठ्यात जाते, आणि लिहिणाऱ्याच्या दृष्टीस पुन्हा पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये निर्णय दिला, की तपासलेली आपली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीला माहितीच्या अधिकाराखाली हक्क आहे. तो निर्णय स्वागतार्ह आहेच. पण शिष्याला स्वतःचे लिखाण पाहण्यासाठी अर्ज करावा लागावा आणि त्याचा हक्क न्यायालयाने प्रस्थापित करावा लागावा, याचे शल्य प्रत्येक अध्यापकाच्या मनात असले पाहिजे. वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा तर संपूर्णपणे पर्याय निवडण्याची. बारावीपर्यंतची उमेदीची वर्षे जो मुलगा वर्तुळे काळी करण्याच्या सरावात घालवितो, त्याला सलग परिच्छेद लिहिण्याचे प्रयोजनच पडत नाही. २०२२ च्या अखेरीपासून त्यात चॅटजीपीटीसारख्या साधनांची भर पडली आहे. मागाल त्या विषयावर निबंध क्षणार्धात मिळतो. याबद्दल विद्यार्थ्यांवर संतापणारे सहकारी मला भेटतात. त्यांना माझे नम्र सांगणे असे, की जे लेखन कोणी वाचणारच नाही ते स्वतः का लिहावे, या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला आपल्यापाशी आज उत्तर नाही. यंत्राने निबंध दिला तरी त्या मुलाचा ताका परत का आला, हे यंत्राला ठाऊक नाही. ते विचारणारा शिक्षक समोर असेल, तरच मुलगा ते लिहील.

अध्यापकांच्या अडचणी मी जाणतो. पदे रिकामी आहेत, तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण सहकारी दोन-दोन महाविद्यालयांत धावत असतात, वर्गात शंभर-शंभर विद्यार्थी असतात. अशा अवस्थेत वह्या तपासा असे सांगणे निष्ठुरपणाचे होईल. म्हणूनच मी अवाढव्य अपेक्षा करीत नाही.

सुरतेच्या परिस्थितीविषयीही दोन शब्द बोलणे अवश्य आहे. येथील महानगरपालिका गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, उडिया आणि तेलुगू अशा सात माध्यमांच्या शाळा चालविते. इतका औदार्याचा व्यवहार देशातील फार थोड्या शहरांत आढळेल. खानदेशातून तापी खोऱ्याच्या रेल्वेने पिढ्यान्‌पिढ्या येथे आलेल्या कष्टकऱ्यांची मुले या शाळांतून शिकतात आणि महाविद्यालयात पाऊल ठेवताच दुसऱ्या भाषेत लिहू लागतात. घरच्या बोलीमुळे यांचे लेखन बिघडते, असा एक ग्रह रूढ आहे. तो मला सर्वथा अमान्य आहे. जळगावच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी घरच्या माणसांनी टिपून ठेवली, त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी ती आचार्य अत्र्यांना दाखविली आणि १९५२ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या बोलीत विचाराची उणीव होती असे कोण म्हणेल? ऐकून टिपणारे कोणी घरात होते, एवढे भाग्य त्या गाण्यांना लाभले. चार भाषांत वावरणाऱ्या आपल्या मुलाजवळ चार भाषांचे शब्दभांडार आहे. त्याने प्रथम त्यांपैकी ज्या भाषेत तो भांडतो, हिशेब करतो, आईला दिवसभराची हकिकत सांगतो, त्या भाषेत एक पान नीट लिहावे. दुसऱ्या भाषेतले पान त्यानंतर सुधारते, असा माझा अनुभव आहे.

परिषदेपुढे विचारार्थ जे मी ठेवू इच्छितो ते एवढेच. प्रत्येक भाषाशिक्षकाने सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याचे निदान एक पान वाचावे, समासात प्रश्न लिहून ते परत द्यावे, आणि विद्यार्थ्याने ते पुन्हा लिहून आणावे. विषय त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचा असावा. अंतर्गत मूल्यमापनाचे जे गुण आज हजेरी आणि पाठांतर यांवर खर्ची पडतात, त्यांतील काही गुण पहिल्या आणि दुसऱ्या मसुद्यातील अंतरासाठी राखून ठेवावेत, अशी विनंती विद्यापीठाला करावी. जेथे वर्ग मोठा आहे तेथे विद्यार्थ्यांनी जोडीजोडीने परस्परांचे लेखन वाचून त्यावर सही करावी. नर्मदाशंकरांच्या सोबत्यांनी दुसरे काय केले होते? मराठी, गुजराती आणि हिंदी विभागांनी वर्षातून एकदा एकत्र बसून अशी निवडक पाने जाहीर वाचावीत, आणि लेखकांच्या सभा-संमेलनांनी आपल्या कार्यक्रमांत या वाचनाला एक तास द्यावा.

या आशयाचा ठराव मी लिहून आणला आहे आणि तो कार्यवाहांच्या स्वाधीन करीत आहे. त्याच्या प्रती दुपारच्या सत्रापूर्वी आपणांस मिळतील. सभासदांनी तो वाचून, जेथे शब्द सैल वाटेल तेथे दुरुस्ती सुचवावी, आणि सूचना लेखी द्याव्यात, अशी माझी विनंती आहे.