ताटातली सुरमई आणि कुंपणाबाहेरची टोपली

(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



मच्छीमारांच्या प्रश्नावर मी बोलावे असे संयोजकांनी सुचविले. अशा विषयाचा आरंभ आकडेवारीने करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. मी मात्र एका जेवणापासून आरंभ करणार आहे. त्या पंगतीत मीही होतो, हे आधीच कबूल केलेले बरे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, नातवंडांच्या शाळा उघडण्यापूर्वी, आम्ही चार दिवस मालवणच्या किनाऱ्यावर राहिलो. एका संध्याकाळी समुद्राला लागून असलेल्या एका खानावळीत जेवायला गेलो. दाराशी फळा होता : ‘ताजी सुरमई’. वाढप्याला विचारले, आजची का? तो म्हणाला, ‘आजचीच, साहेब.’ तो मुलगा ओडिशातून आलेला. त्याला जे सांगायला सांगितले होते तेच तो सांगत होता. परंतु यांत्रिक नौकांच्या मासेमारीला १ जूनपासून बंदी असते. बर्फातून काढलेली सुरमई खाण्यात पाप नाही. पण तिला ताजी म्हणावयाचे आणि ताजेपणाचा दर लावावयाचा, याला व्यापार म्हणतात. नातवाने पापलेट मागितले. ते माझ्या पंजाहून लहान निघाले. पापलेटला २०२३ साली राज्य शासनाने राज्यमाशाचा मान दिला, आणि अमुक लांबीहून लहान मासा धरू नये असे नियमही त्याच सुमारास केले. तरीही ताटात मावेल असे अख्खे पापलेट गिऱ्हाइकाला हवे असते. मोठे झाले असते तर ज्याने अंडी घातली असती, ते पिल्लूच आपण मागवतो. मीही मागवले आणि खाल्ले.

कुंपणाबाहेर एक वयस्क बाई टोपली घेऊन बसल्या होत्या. टोपलीत खाडीतले तिसरे आणि थोडी सुकट. शेजारच्या टेबलावरील मंडळींनी वासाची तक्रार केली. मालकांनी माणूस पाठविला आणि बाई उठून रस्त्याच्या पलीकडे गेल्या. थोड्या वेळाने त्याच टेबलावर मालवणी थाळी आली. तीत सुकटीची किसमूर होती, आणि तिची तारीफही झाली.

जेवण आटोपल्यावर मी बाहेर जाऊन विचारले, ‘मावशी, आज सुरमई मिळेल का?’ त्या हसल्या. ‘बाबानु, दर्याक बंदी आसा. सुरमय खंयसून येतली?’ जे फळ्यावर लिहिलेले नव्हते ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. त्यांचे घर पूर्वी रापणीत होते. होडीने अर्धवर्तुळात जाळे सोडायचे, किनाऱ्यावरून दोन्ही टोकांचे दोर पन्नास-साठ माणसांनी ओढायचे, आणि आलेल्या मासळीचे वाटे करायचे, अशी ती रीत. आपण ज्याला सहकार म्हणतो तो कायद्याच्या पुस्तकात येण्यापूर्वीच या वाळूवर नांदत होता. (वाटे सर्वांना सारखे मिळत असे मी म्हणणार नाही, जाळ्याच्या मालकाचा वाटा वेगळा असे.)

ती रापण का ओसरली हे आपणांस ठाऊक आहे. निर्यातीच्या कोळंबीसाठी ट्रॉलर आले आणि समुद्राचा तळ खरवडू लागले. गोव्यात १९७० नंतरच्या दशकात रापणकारांनी मोठा लढा दिला. तेथे १९८० साली आणि महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. पुढे थवाच्या थवा वेढून खालून तोंड आवळणारी पर्ससीन जाळी आली. २०१६ साली राज्याने त्यांवर निर्बंध घातले. मग रात्री प्रखर दिवे लावून मासळी गोळा करणे सुरू झाले. केंद्राने २०१७ साली त्यास बंदी केली. कायदे आहेत. गस्तीची नौका वेळेवर पोहोचत नाही.

येथे काही मित्र म्हणतील, पर्यटनाने रोजगार आला. आलाच. त्या बाईंचा मुलगा पर्यटकांना होडीतून फिरवतो, आणि त्या पैशावर घर चालते हे त्यांनीच सांगितले. म्हणून पर्यटकांना शिव्या देण्याचा सोपा मार्ग मला मान्य नाही; मी स्वतःच पर्यटक होतो. माझी तक्रार एवढीच की किनाऱ्याचे कुंपण कोणी, कोणाला विचारून घातले, हे विचारणारे तेथे कोणी नव्हते. होडी ओढून ठेवायला आणि जाळी सुकवायला जी वाळू लागते, तीवर आता खुर्च्या मांडल्या आहेत. आणि मासळी विकणाऱ्या बाईला बसायला छप्पर नाही, हात धुवायला पाणी नाही.

त्या रात्री मी तिसरे विकत घेतले. खोलीवर शिजवायची सोय नव्हती, म्हणून त्याच खानावळीत नेऊन दिले. त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी ते उत्तम करून वाढले आणि करणावळ म्हणून टोपलीतल्या किमतीच्या दुप्पट रक्कम घेतली. बिल माझ्याजवळ आहे.

दुपारच्या बैठकीत मी एक मसुदा ठेवणार आहे : नगरपालिकेने किनाऱ्यालगत मासळी विक्रेत्या महिलांसाठी ओटे, छप्पर आणि पाणी यांची सोय करावी, आणि बंदीच्या काळात खानावळींनी मासळी ताजी की गोठविलेली हे फळ्यावर लिहावे. मसुदा करताना त्या बाईंसारख्या दोघी-तिघींना बैठकीला बोलवावे अशी माझी सूचना आहे. दुपारी त्यांची विक्रीची वेळ असते. तेव्हा बैठक चारऐवजी सात वाजता घ्यावी लागेल.