डेरेक सँडरसन : कीर्ति आणि घसरण

हॉकी म्हटली कीं आपल्याकडील माणसाच्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान आणि ध्यानचंदांची काठी उभी राहते. कॅनडांतील माणसाच्या डोळ्यांपुढें मात्र गोठलेलें तळें उभें राहतें. तेथील हॉकी बर्फावर खेळतात. दोन्ही संघांचे सहा सहा गडी, पायांत पोलादी पात्यांचे बूट, आणि चेंडूऐवजीं रबराची एक कठीण चकती. या खेळांत अंगलटीला मज्जाव नाहीं. परंतु नियम मोडणाऱ्या गड्याला बहुधा दोन मिनिटें बाहेर बसावें लागतें, आणि तेवढा वेळ त्याच्या संघाला एक गडी कमी घेऊन झुंजावें लागतें. हीं दोन मिनिटें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावीं. ज्या खेळाडूची ही हकीकत आहे, त्याचें खरें कसब या दोन मिनिटांतच दिसत असे.

डेरेक सँडरसन ह्याचा जन्म १९४६ सालीं ऑन्टॅरिओ प्रांतांतील नायगारा फॉल्स या गांवीं झाला. एकविसाव्या वर्षीं तो अमेरिकेंतील बोस्टन ब्रुइन्स या नामांकित संघांत नियमानें खेळूं लागला. पहिल्याच पूर्ण हंगामांत त्यानें चोवीस गोल केले, आणि १९६८ सालीं उत्कृष्ट नवोदित खेळाडूस मिळणारें काल्डर पारितोषिक पटकाविलें. त्या संघांत बॉबी ऑर व फिल एस्पोझिटो यांच्यासारखे मोहरे होते. गोलांची रास रचणें हें त्यांचें काम. सँडरसनकडे त्याहून कमी झगमगीत, पण अधिक जिकिरीचें काम होतें. प्रतिपक्षाच्या मातबर गड्याला जखडून ठेवावयाचें, आणि आपला एक गडी बाहेर बसला असतां एड वेस्टफॉल या सोबत्याबरोबर किल्ला लढवावयाचा. अशा अडचणीच्या वेळीं बचाव करतां करतां तो प्रतिपक्षावर गोलहि चढवी. धीर, नजर आणि वेळेचें भान या तिन्हींची त्याला कसोटी द्यावी लागे, आणि तींत तो बहुधा उतरत असे.

१० मे १९७० या दिवशीं स्टॅन्ले चषकाच्या अंतिम मालिकेंत बोस्टनची गांठ सेंट लुई ब्लूज या संघाशीं होती. बरोबरी झाल्यामुळें वाढीव वेळ द्यावा लागला. त्यांतील अवघीं चाळीस सेकंदें लोटलीं असतील, इतक्यांत गोलजवळच्या कोपऱ्यांतून सँडरसननें चकती अचूक पुढें सरकविली, ऑरनें ती आंत मारली, आणि एकोणतीस वर्षांनीं चषक बोस्टनला आला. गोल मारतांच प्रतिपक्ष्याच्या काठीनें पाय उचलला जाऊन ऑर हवेंत आडवा झाला. तें छायाचित्र जगभर गाजलें. पुढें त्याच मुद्रेंतील ऑरचा पुतळाहि बोस्टनमध्यें उभा राहिला. चकती पुढें करणारा हात मात्र त्या चित्रांत नाहीं.

असें असलें तरी सँडरसन उपेक्षित होता असें मुळींच नव्हतें. लांब केस, झुबकेदार मिशा, भारी पोशाख, रोल्स-रॉइस मोटार आणि जिभेवर सदा तयार असलेलें उत्तर यांमुळें वृत्तपत्रकारांना तो हवाहवासा वाटे. १९७० सालीं, वयाच्या चोविशींतच, त्याचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. बोस्टनमध्यें मद्यगृहांच्या धंद्यांत त्यानें भागीदारी घेतली. रात्रीं दरबार भरूं लागला, आणि दरबारांत खुशमस्कऱ्यांची वाण कधींच पडत नाहीं. आतां हा तरुण बर्फावर एक आणि बर्फाबाहेर दुसरा, असे दोन खेळ खेळूं लागला. पहिल्यांत नियम मोडला कीं शिट्टी वाजे. दुसऱ्यांत शिट्टी वाजविणारा कोणीच नव्हता.

१९७२ सालीं बोस्टननें पुन्हा चषक जिंकला. त्याच सुमारास एक नवी प्रतिस्पर्धी संघटना निघाली, आणि तींतील फिलाडेल्फिया ब्लेझर्स या संघानें सँडरसनशीं सव्वीस लाख पन्नास हजार डॉलरांचा करार केला. ब्राझीलचा फुटबॉलपटू पेले ह्यालाहि त्यानें मिळकतींत मागें टाकलें, असा बोलबाला झाला. एवढा मोबदला केवळ कसबाचा नव्हता. बोस्टनमध्यें त्याच्याहून थोर असे खेळाडू होते. ही किंमत बरीचशी नांवाची, मिशांची आणि मोटारीची होती. आणि जो आपली प्रतिमा विकतो, त्याला पुढें त्या प्रतिमेची चाकरी करावी लागते.

घरच्या मैदानावरील पहिल्याच सामन्याच्या दिवशीं बर्फाचा थर तडकला आणि सामना रद्द करावा लागला. प्रेक्षकांना आठवण म्हणून लाल चकत्या वांटलेल्या होत्या. लोकांची समजूत घालावयास सँडरसन पुढें झाला, तों त्याच चकत्यांचा बर्फावर वर्षाव झाला! पुढें एका सामन्यांत बर्फावर पडलेल्या कचऱ्यावरून घसरून त्याची पाठ दुखावली. अवघे आठ सामने खेळून झाले होते. संघानें दहा लाख डॉलर देऊन करार मोडला, आणि १९७३ च्या आरंभीं तो बोस्टनला परतला. आठ सामन्यांसाठीं दहा लाख डॉलर! सव्विसाव्या वर्षीं श्रमाचें आणि मोलाचें नातें असें तुटलें, तर जिभेवरची मोलाची चव टिकावी कशी?

यापुढची हकीकत नुसत्या उधळेपणाची म्हणून सांगणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. १९७४ सालीं तो न्यूयॉर्कला गेला, १९७५ सालीं सेंट लुईला. आणि तेथें १९७५-७६ च्या हंगामांत त्यानें चोवीस गोल व त्रेचाळीस साहाय्यें अशी आपल्या आयुष्यांतील सर्वांत मोठी कामगिरी केली. म्हणजे कसब आटलें नव्हतें. तें वाहून नेणारें शरीर खचत होतें. आंतड्याच्या विकारावर घेतलेल्या स्टिरॉइड औषधांनीं खुब्यांचीं हाडें निकामी होत गेलीं, आणि वेदनेच्या जोडीला दारू होतीच. व्हँकूवर, पिट्सबर्ग असे मुक्काम करीत १९७८ सालीं त्याची कारकीर्द संपली. ५९८ सामने आणि २०२ गोल, हा त्याचा मुख्य संघटनेंतील हिशेब. पैशाचा हिशेब मात्र शून्यावर आला. एके काळचा लक्षाधीश न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्यें रात्रीं काढूं लागला.

दरबारांतील मंडळी तोंवर पांगली होती. पुढें आला तो बॉबी ऑर. ज्याच्या गोलाला सँडरसननें एकदां चकती पुरविली होती, त्यानेंच त्याच्या उपचारांसाठीं हात पुढें केला. १९८० च्या सुमारास सँडरसननें दारू सोडली. खुब्यांवर शस्त्रक्रिया झाल्या. शाळाशाळांतून हिंडून तो मुलांना व्यसनाचे परिणाम सांगूं लागला. सुमारें दहा वर्षें त्यानें बोस्टनच्या सामन्यांचें दूरचित्रवाणीवर समालोचन केलें, आणि पुढें पैशाच्या व्यवहाराचें शिक्षण घेऊन तरुण खेळाडूंना आपली मिळकत कशी राखावी याचा सल्ला देण्याचा व्यवसाय पत्करला. २०१२ सालीं त्याचें दुसरें आत्मचरित्र निघालें. चोविशींत लिहिलेल्या पहिल्या पुस्तकानंतर बेचाळीस वर्षांनीं आलेल्या या पुस्तकांत सांगावयाला पुष्कळच साठलें होतें.

या कथेंतून पैसा वाईट किंवा कीर्ति वाईट, एवढाच बोध घ्यावयाचा असेल तर कॅनडापर्यंत जाण्याचें कारण नाहीं. घरांत एखादा हुषार मुलगा असतो. तो गातो, खेळतो, परीक्षेंत पहिला येतो. त्याच्या गुणाला शिक्षक मिळतो, बक्षीस मिळतें; पण बक्षीस मिळाल्यानंतर कसें वागावें हें शिकविणारा कोणी मिळतोच असें नाहीं. सँडरसनच्या खेळाला पंच होता, शिक्षक होता, बाजूस वेस्टफॉल होता. म्हणूनच एक गडी कमी असतांहि तो डगमगला नाहीं. बाहेरच्या आयुष्यांत टाळ्या वाजविणारे पुष्कळ आणि थांबविणारा एकहि नाहीं, तेव्हां तो खऱ्या अर्थानें एकटा पडला. त्याला सांवरणारा भेटला, पण पुष्कळ उशिरां. घरांतील गुणी मुलाला वेळींच 'पुरे' म्हणणारें एक तरी माणूस असावें, आणि त्या माणसाचा राग न येण्याची संवय त्या मुलाला लहानपणींच लागावी.