दोन कान आणि दाही दिशा

विरारच्या फलाटावर डोळे मिटून उभ्या असलेल्या माणसासही गाडी डहाणूकडून येत आहे कीं चर्चगेटकडून, हें सांगतां येतें. वसईच्या एखाद्या गांवांत लग्नाचा बँड वाजत निघाला, म्हणजे घरांत बसलेल्या आजीबाईंस तो तळ्याच्या बाजूनें आला आणि चर्चच्या बाजूस वळला, एवढें खिडकीशीं न जातां कळतें. कान तर दोनच! मग समोरचें, पाठीमागचें, वरचें, बाजूचें असे इतके भेद त्यांस उमगतात तरी कसे? या प्रश्नाच्या उत्तराच्या आधारावर आज साध्या हेडफोनमधून सात-आठ ध्वनिक्षेपकांचा भास निर्माण करितां येतो. आणि त्यासाठीं लागणारी संगणकाची आज्ञावली, ज्यास सर्वत्र सॉफ्टवेअर म्हणतात, ती विनामूल्य मिळते.

आवाज हवेंतून सेकंदास सुमारें ३४३ मीटर या वेगानें जातो. उजवीकडून आलेल्या आवाजास डाव्या कानापर्यंत पोंचावयाचें तर डोक्यास वळसा घालावा लागतो व त्यांत सेकंदाच्या सुमारें दीडहजाराव्या भागाइतका विलंब होतो. हा विलंब विलंब म्हणून कोणासही जाणवत नाहीं. मेंदू मात्र त्याचा हिशेब चोख ठेवितो. दुसरी खूण डोक्याच्या छायेची. बासरीचा तार स्वर डोक्याआड अडतो, म्हणून पलीकडच्या कानास तो क्षीण ऐकूं येतो. ढोलाचा खर्ज मात्र सहज वळसा घालून जातो. इंग्लंडांतील लॉर्ड रॅले यांनीं १९०७ सालीं या दोन खुणांची सांगड घालून दाखविली.

परंतु एवढ्यानें डावें-उजवें कळतें, मागचें-पुढचें कळत नाहीं. बरोबर समोरून आलेला आणि बरोबर पाठीमागून आलेला आवाज दोन्ही कानांस एकाच वेळीं व सारख्याच जोरानें पोंचतो. तेथें कामास येतो तो कानाचा बाहेरचा शिंपला, शाळेंत पिळला जाण्यापलीकडे ज्याचा कांहीं उपयोग असेल असें मुलांस वाटत नाहीं! त्याच्या घड्यांवर आपटून तार स्वरांपैकीं कांहीं वाढतात, कांहीं दबतात, आणि आवाजाची दिशा बदलली कीं हा फेरफारही बदलतो. लहानपणापासून मेंदू आपल्या कानांच्या या खुणा पाठ करून ठेवितो.

या खुणा कृत्रिम रीतीनें आवाजांत घालतां आल्या तर मेंदूस फसवितां येईल, हा विचार जुना आहे. १८८१ सालीं पॅरिसच्या विद्युत्-प्रदर्शनांत क्लेमां आदेर यांनीं ऑपेराच्या रंगमंचापासून टेलिफोनच्या तारा आणून प्रेक्षकांच्या दोन्ही कानांशीं दोन निरनिराळे श्रवणयंत्र दिले, तेव्हां गायक रंगमंचावर इकडून तिकडे जातांना ऐकूं आला. पुढें १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मॅनफ्रेड श्रोडर आणि आपल्या कानपूरचे बिष्णू अटल यांनीं केवळ दोन ध्वनिक्षेपकांवरून, जेथें कांहींच ठेविलेलें नाहीं अशा दिशेनेंही आवाज आल्याचा भास करून दाखविला. आणि १९९४ सालीं एम्. आय्. टी. या संस्थेंत बिल गार्डनर व कीथ मार्टिन यांनीं ‘केमार’ नांवाच्या मानवाकृति पुतळ्याच्या कानांत मायक्रोफोन बसवून भोंवतालच्या ७१० ठिकाणांहून येणारा आवाज दोन्ही कानांत कसा उतरतो त्याची नोंद केली. ही सर्व नोंद त्यांनीं जगास विनामूल्य देऊन टाकली. आजच्या मुक्त आज्ञावलींचा पाया अशा औदार्यावर उभा आहे.

या आज्ञावली करितात काय? चित्रपटाच्या ध्वनीस हल्लीं बहुधा सहा किंवा आठ पदर असतात: समोरचे तीन, बाजूचे व मागचे मिळून दोन किंवा चार, आणि एक केवळ खोल गडगडाटाचा. प्रत्येक पदरावर, त्या दिशेचा आवाज डाव्या कानांत कसा उतरला असता आणि उजव्या कानांत कसा, या दोन्ही नोंदींचा संस्कार केला जातो. मग डाव्या कानाचे सर्व तुकडे एकत्र, उजव्याचे सर्व एकत्र. हेडफोनला शेवटीं दोनच पदर मिळतात. पण ऐकणारास खोलींत सात ठिकाणीं सात गवई बसल्यासारखें वाटतें. विंडोजच्या संगणकावर ‘इक्वलायझर एपीओ’ व तिच्या जोडीनें चालणारी ‘हेसुवी’, लिनक्सवर ‘पाइपवायर’, आणि घरोघरीं चित्रपट पाहण्यास वापरली जाणारी ‘व्हीएलसी’ यांत ही सोय आहे. येथें फुकट आणि मुक्त यांतला भेद ध्यानांत घेतला पाहिजे. विंडोजमध्यें २०१७ पासून असलेली ‘विंडोज सॉनिक’ ही फुकट आहे, पण तिच्या पोटांत काय आहे तें पाहतां येत नाहीं. मुक्त आज्ञावली कोणासही उघडून वाचतां येते, सुधारतां येते आणि शेजाऱ्यास देतां येते.

नालासोपारा-विरारकडील एक-दोन खोल्यांच्या घरांत हा विषय केवळ करमणुकीचा राहत नाहीं. सात ध्वनिक्षेपक मांडावयाचे कोठें? मांडलेच, तर भिंतीपलीकडे कोणाची तरी बारावीची परीक्षा असतेच. मग मुलगा हट्ट धरतो आणि वडील दुकानांत जाऊन ‘७.१’ असा ठळक आंकडा छापलेला हेडफोन चढ्या किंमतीनें घेऊन येतात. अशा बहुतेक हेडफोनांत प्रत्येक कानाशीं आवाज काढणारा पडदा एकच असतो. उरलेले काम वर सांगितलेलें गणितच करितें, आणि तें गणित घरांतल्या जुन्या हेडफोनवरही तितकेंच चालतें. त्या आंकड्यासाठीं जादा पैसे मोजणें व्यर्थ होय. पैसे खर्चावयाचेच असतील तर ते कानांस सुखकर बसणाऱ्या चांगल्या दोनपदरी हेडफोनवर खर्चावे.

तरी या आभासास मर्यादा आहेत. संत तुकाराम हा प्रभातचा १९३६ चा बोलपट एकपदरी. त्यांत ज्या दिशा मुळांतच नाहींत त्या कोणतीही आज्ञावली आणूं शकत नाहीं. तेथें हा संस्कार लावला तर अभंगास विहिरींतल्यासारखा घुमारा मात्र येतो. जुन्या गाण्यांच्या वेळीं तो बंद ठेवावा हें बरें. लोकलच्या खडखडाटांत तर याचा उपयोग जवळजवळ नाहींच, कारण शिंपल्याच्या नाजुक खुणा गोंगाटांत बुडून जातात आणि ऐकणारा आवाज वाढवीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं प्रौढांसाठीं घातलेली मर्यादा ८० डेसिबल, तीही आठवड्यास ४० तासांपुरती, अशी आहे. रूळ ओलांडतांना कान झांकलेले असणें किती घातक, हें पश्चिम रेल्वेच्या प्रवाशांस निराळें सांगावयास नको.

सर्वांत मोठी अडचण मात्र कानांचीच. पुतळ्याचे कान वेगळे, आपले वेगळे. दुसऱ्याच्या चष्म्यांतून पाहावें तसें होतें: कोणास समोरचा संवाद डोक्याच्या आंत ऐकूं येतो, कोणास चक्क पाठीमागून. प्रत्यक्षांत अशी शंका आली कीं मनुष्य मान किंचित् वळवितो व दिशा ठरवितो; परंतु हेडफोन मानेबरोबरच वळतो, म्हणून तोही उपाय खुंटतो. कांहीं महाग हेडफोनांत मानेची हालचाल टिपण्याची योजना असते. हेसुवींत निरनिराळ्या नोंदींचे अनेक संच दिलेले आहेत. ते एकामागून एक लावून, ज्यांत मधला संवाद खरोखर समोरून येतो तो ठेवावा. एवढ्यासाठीं एक संध्याकाळ मोडली तरी हरकत नाहीं.

आणि ज्यास तेवढ्यानेंही समाधान नाहीं, त्याच्यासाठीं फिनलंडच्या याक्को पासानेन यांची ‘इम्पल्सिफर’ ही मुक्त आज्ञावली आहे. दोन इवलेसे मायक्रोफोन स्वतःच्या कानांच्या तोंडाशीं बसवावे, ध्वनिक्षेपकांतून खर्जापासून तारेपर्यंत चढत जाणारा एक स्वर वाजवावा आणि स्तब्ध बसून त्याची नोंद होऊं द्यावी. त्याच बैठकींत हेडफोनचीही नोंद घेतली जाते, म्हणजे त्याचा स्वतःचा रंग आवाजांतून काढून टाकतां येतो. सात ध्वनिक्षेपक हाताशीं असलेच पाहिजेत असें नाहीं. एकच चांगला ध्वनिक्षेपक, एक फिरती खुर्ची आणि दुपारची शांत वेळ असली तरी पुरे. ध्वनिक्षेपक जागचा हलवावयाचा नाहीं, ऐकणारानेंच दर खेपेस खुर्ची थोडी फिरवून बसावयाचें.