नुकसानभरपाई मालकाला

(डोणगाव, जि. बुलढाणा इथल्या सभेतलं भाषण)



शाळेच्या पुस्तकात विल्बरफोर्स नावाचा गोरा साहेब असतो. पार्लमेंटचा सभासद, पक्का ख्रिश्चन. त्यानं म्हणे गुलाम सोडवले. माणूस खोटा नव्हता. १७८९ साली तो गुलामांच्या व्यापाराविरुद्ध सभागृहात उभा राहिला. १७९१ ला हरला, ८८ विरुद्ध १६३. गडी हटला नाही. १८०७ ला २८३ विरुद्ध १६ मतांनी व्यापार बंद झाला.

मी मुंबईच्या गोदीत हमाली करतो. जहाजाच्या पोटात माल कसा लावतात ते मला ठाऊक आहे. 'ब्रूक्स' या गुलामजहाजाचा नकाशा १७८८ साली छापला गेला. तो बघितला नि डोकं सुन्न झालं. माणसं अंगाला अंग लावून रचलेली. अरे, गोण्यांना हवा लागावी म्हणून आम्ही फट तरी ठेवतो!

पण व्यापार बंद झाला, गुलामी चालूच. १८३१ च्या नाताळात जमैकातले गुलाम उठले. पुढारी सॅम शार्प, स्वतः गुलाम आणि बाप्टिस्ट उपदेशक. बायबल दोघांचं एकच. शार्पला १८३२ ला फासावर चढवलं, आणि १८३३ ला गुलामी बंदीचा कायदा आला. साहेबाच्या एकट्याच्या दयेनं आला, असं मला कुणी सांगू नये.

त्या कायद्यानं नुकसानभरपाई दिली २ कोटी पौंड. कुणाला? मालकाला! गुलामाला दमडी नाही, वर १८३८ पर्यंत त्याच मालकाकडे राबणं. त्या कर्जाचे शेवटचे रोखे ब्रिटिश सरकारनं २०१५ साली फेडले.

आणि कंपनी सरकारचा हिंदुस्थान त्या कायद्यातून वगळलेला. इथं १८४३ ला वेगळा कायदा झाला, गुलामावरचा हक्क कोर्ट मानणार नाही म्हणून. महारवाड्याला त्याचा काय उपयोग? आपल्याला कुणी बाजारात विकत घेतलं नव्हतं. जन्म हीच पावती होती. जोतीबांनी ते ओळखलं. १८७३ ची 'गुलामगिरी' त्यांनी काळ्या गुलामांना सोडवणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केली.

बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं. वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हतं, पण वेठ इथल्या म्हाताऱ्यांनाही विचारा. बिल मागं घ्यावं लागलं. तिथली ही वतनं मोडणारा कायदा १९५८ चा.

कायदा पास होणार हे विल्बरफोर्सला मरणाआधी तीन दिवस कळलं होतं. बाबासाहेब १९५६ लाच गेले.