थोडे दिवस, थोडी गावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. चारचौघींत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. परंतु मागच्या वर्षी आम्ही उभयता दहा दिवस युरोपात जाऊन आलो, तेव्हापासून मंडळातल्या कितीतरी जणी मला एकच प्रश्न विचारतात : "दिवस थोडे, पैसा बेताचा, मग गावे कोणती पाहावीत?" चिटणीसबाई म्हणाल्या, तेच सर्वांपुढे सांगा. म्हणून हे दोन शब्द.

प्रथम आपल्याच गावाकडे पाहू या. आपल्या छत्रपती संभाजीनगरला देशोदेशीचे प्रवासी येतात. पुष्कळांजवळ एकच दिवस असतो. सकाळी दौलताबादचा किल्ला, मग खुलताबाद, वेरूळ, आणि परतताना बीबीचा मकबरा व पाणचक्की. अजिंठा शंभर किलोमीटरांवर, म्हणून तो राहूनच जातो. कुणी मंगळवारी आला तर वेरूळ बंद, सोमवारी आला तर अजिंठा बंद. असा पाहुणा घरी जाऊन "आम्ही औरंगाबाद पाहिले" म्हणून सांगू लागला, तर आपल्याला हसू येईल की नाही? मग आपण त्यांच्या गावी जाऊन तेच का करावे?

दुसरे उदाहरण घरचेच. अष्टविनायकाची दोन दिवसांची यात्रा आपल्यापैकी अनेकींनी केली असेल. त्यातले आठवते काय? गाडीत चढणे आणि गाडीतून उतरणे! तीच गोष्ट 'दहा दिवसांत सात देश' अशा जाहिरातींची.

आमचा मुलगा जर्मनीत स्टुटगार्टला शिकायला आहे. त्याच्याकडे जायचे ठरले, तेव्हा ह्यांनी कागदावर सहा शहरे लिहिली : लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅम, व्हिएन्ना, झुरिच आणि रोम. पैसे एकदाच खर्च व्हायचे, तर सर्व पाहून घ्यावे, असे ह्यांचे म्हणणे. त्यात गैर काही नाही. पण घरखर्चाचा हिशेब ठेवायची सवय मला आहे. मी म्हटले, पैशांसारखा दिवसांचाही हिशेब मांडू.

इथून मुंबई सहा-सात तास. मुंबईहून जर्मनीपर्यंत विमानात नऊ तासांच्या आसपास. जाणे-येणे यात दोन दिवस गेले; उरले आठ. आता एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचे म्हणजे काय काय असते, ते बायकांना वेगळे सांगायला नको. सामान बांधा, खोली सोडा, स्टेशन गाठा, नव्या गावी उतरा. तिथे खोली बहुधा दुपारी दोन-तीनच्या पुढे मिळते. म्हणजे प्रत्येक मुक्कामाला निदान अर्धा दिवस नुसता हलण्यात जातो. सहा शहरांचे असे तीन दिवस वजा केले, तर उरतात पाच. पाच दिवसांत सहा शहरे! हिशेब पाहून हे स्वतःच हसले.

मग आम्ही ठरवले, मुलाकडे तीन दिवस आणि बाहेरची दोनच शहरे : एक ह्यांच्या आवडीचे, एक माझ्या आवडीचे. हे मी मुद्दाम सांगते. पुष्कळ घरांत बाई डबे भरते, औषधे घेते, सामान बांधते, आणि कुठे जायचे ते मात्र दुसरे कोणी ठरवते. "तुम्हाला काय पाहायचे आहे?" असे तिला कुणी विचारत नाही. विचारले तर तीही "तुम्ही म्हणाल तिकडे" म्हणून मोकळी होते. भगिनींनो, असे म्हणू नका. पैसा दोघांच्या काटकसरीतून साठलेला असतो.

ह्यांनी पॅरिस निवडले. माझ्या मनात खरे तर लंडन होते. आपल्या शहरात १९५० साली मिलिंद महाविद्यालय काढणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ साली लंडनला शिकत असताना किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात राहात होते. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन त्याचे स्मारक केले आहे. शिवाय आपल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती लंडनला आहेत. मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स साहेब व त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून वर्षानुवर्षे लेण्यांत बसून त्या काढल्या. १८८५ च्या आगीत पुष्कळ जळाल्या. उरलेल्या तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने जपल्या आहेत.

पण लंडनची अडचण निराळी. युरोपातल्या २९ देशांना मिळून 'शेंगेन' नावाचा एकच व्हिसा चालतो. जर्मनी, फ्रान्स, इटली त्यात येतात. इंग्लंड येत नाही. त्याचा व्हिसा वेगळा, फी वेगळी. शेंगेनसाठीच माणशी ९० युरो फी, आणि निदान ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा लागतो. ज्या देशात मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. आमचे जास्त दिवस जर्मनीत, म्हणून अर्ज जर्मनीकडे. लंडन घेतले असते, तर दोन अर्ज, दोन फिया आणि दुप्पट धावपळ. मी लंडन सोडले. मन थोडे हळहळले. पण निवड करायची म्हणजे काहीतरी सोडणे आलेच.

त्याऐवजी मी रोम निवडले, आणि तेही अजिंठ्यासाठीच! निजामाच्या राजवटीत, १९२० ते १९२२ या काळात, अजिंठ्याची चित्रे सांभाळण्यासाठी इटलीहून दोन जाणकार बोलावले होते. तेव्हा मनात आले, ज्यांच्याकडून आपण माणसे बोलावली, त्यांच्या घरची चित्रे कशी असतील? रोममध्ये व्हॅटिकनला सिस्टीन चॅपेल आहे. त्याचे छत मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या चार वर्षांत रंगवले. मेणबत्त्यांच्या काजळीने ते काळवंडले होते. १९८० पासून कित्येक वर्षे खपून ते स्वच्छ केले.

आत बोलायला बंदी, फोटोला बंदी. मान वर करून मी उभी राहिले, आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याचे छत आठवले. ते याहून हजार वर्षे जुने! सिस्टीनला ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग भरला आहे. आपल्याकडे माती, भुसा, झाडपाल्याचे तंतू यांनी कातळ लिंपला, वर चुन्याचा पातळ हात दिला आणि वाळल्यावर रंग भरला. भिंत लिंपणे म्हणजे काय, हे मला लहानपणापासून ठाऊक. म्हणून तिथे मला परके वाटले नाही.

रोमची आणखी एक गोष्ट मनात भरली. तिथे ट्रेव्ही नावाचे मोठे कारंजे आहे. त्याला पाणी पुरवणारा कालवा इसवी सनापूर्वी १९ साली बांधलेला, आणि दुरुस्त करून तो आजही चालू ठेवला आहे. रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ फुकट वाहतात. पाण्याच्या पाळीचे दिवस मोजण्यात आपण किती वर्षे घालवली! मलिक अंबराने ४०० वर्षांपूर्वी या शहरासाठी नहर बांधली, ती आपण तशी सांभाळली असती तर, हा विचार त्या कारंज्यापाशी आल्यावाचून राहिला नाही.

तात्पर्य सांगते. पहिले, प्रवासाचे दिवस वजा करून मगच शहरे मोजावीत. तीन दिवसांना एक शहर, हे माझे माप. दुसरे, नाव मोठे म्हणून शहर घेऊ नये. तिथे आपल्याला पाहायचे काय, ते एका वाक्यात सांगता आले पाहिजे. तिसरे, बंदचा वार आधी पाहावा. पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद. व्हॅटिकनचे संग्रहालय महिन्याचा शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद. चौथे, व्हॅटिकनमध्ये खांदे व गुडघे झाकलेले लागतात. आपल्या साडीला त्याची चिंता नाही! पण पायात चांगले बूट हवेत, कारण चालणे फार. आणि पाचवे, जाण्यापूर्वी आपले अजिंठा-वेरूळ एकदा निवांत पाहावे. शाळेच्या सहलीनंतर तिकडे न गेलेल्या इथे कितीतरी जणी असतील. घरचे नीट पाहिले असले, म्हणजे बाहेर काय पाहायचे ते आपोआप कळते.