बंदूक खांद्याच्या मापाची



कामगार चळवळीत ज्याची हयात गेली त्याने या व्याख्यानमालेत बंदुकीवर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटले असेल. आम्हालाही वाटले. आजवर आम्ही बंदूक पाहिली ती मोर्चाच्या समोरच्या बाजूला. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंतचे. पुढची शाळा कारखान्याचे फाटक आणि सार्वजनिक वाचनालय. तेव्हा पांडित्याची अपेक्षा ठेवू नका. मातीच्या तबकड्या फोडण्याच्या खेळासाठी बंदूक कशी निवडावी, एवढाच आजचा विषय आहे. आम्ही या विषयात पडलो ते एका मुलीमुळे.

आमच्या युनियनमधील एका फिटरची ही मुलगी, वय बावीस. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये रायफल चालवीत असे. पुढे तबकड्यांच्या नेमबाजीचा नाद लागला. रीतसर परवाना मिळाला, बापाने पतपेढीतून कर्ज काढले आणि एक जुनी, पण नावाजलेली बंदूक घेतली. तीन महिने झाले तरी पंचवीस तबकड्यांपैकी बारा-तेराच्या वर फुटेनात. खांदा काळानिळा, गालाचे हाड सुजलेले. मैदानावरचे जाणते म्हणाले, "हे पोरीच्या खांद्याचे काम नव्हे." बाप युनियनच्या कचेरीत येऊन म्हणाला, "भाऊ, बंदूक विकून टाकू का?"

आम्हाला बंदुकीतले काही कळत नव्हते. पण हे दुखणे ओळखीचे होते. १९८९ साली आम्ही एका कारखान्यात लेथवर होतो. यंत्रे परदेशची, उंच माणसाच्या बेताने उभी केलेली. आमच्यापैकी निम्म्यांचे खांदे संध्याकाळी भरून येत आणि माल बिघडे. साहेब म्हणत, कामचुकार आहेत. एका म्हाताऱ्या टर्नरने एक दिवस चार इंच जाडीची फळी आणून पायाखाली घातली. त्याचा खांदा दुखायचा थांबला, मालही सुधारला. मग प्रत्येक यंत्रापुढे फळी मिळावी म्हणून आम्ही मागणी केली. ती पदरात पडायला आठ महिने लागले. हत्यार माणसाच्या मापाचे नसले, की दोष माणसाच्या माथी येतो. आणि वाईट असे, की तो माणूसही तो दोष खरा मानू लागतो.

म्हणून आम्ही त्या बापाला म्हणालो, "विकू नकोस. आधी माप घेऊ."

आता खेळाची ओळख. पूर्वी पिंजऱ्यातून जिवंत कबुतरे सोडून त्यांवर नेम धरीत. १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही हा प्रकार झाला. कबुतरांऐवजी काचेचे गोळे आले आणि १८८० साली अमेरिकेतील सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोस्की याने मातीच्या तबकडीचे पेटंट घेतले. आजची तबकडी चुनखडीची भुकटी आणि डांबर यांची असते; व्यास ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅम. ऑलिंपिकचे मुख्य प्रकार दोन. 'ट्रॅप'मध्ये नेमबाजापुढे १५ मीटरवर खंदकात यंत्रे असतात आणि तबकडी त्याच्यापासून दूर, वर चढत पळते. 'स्कीट'मध्ये दोन बाजूंच्या दोन घरांतून तबकड्या आडव्या जातात. ट्रॅपमध्ये बंदूक आधीच खांद्याला लावून ठेवता येते. स्कीटमध्ये तबकडी दिसेपर्यंत ती कमरेजवळ धरावी लागते.

आपल्याकडे महाराष्ट्राचे नाव गाजले ते मुख्यतः रायफलीत. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. तबकड्यांत बिकानेरचे महाराज करणीसिंह यांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळविले आणि २००४ साली अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी ऑलिंपिकचे रौप्यपदक आणले. एक महाराज आणि एक लष्करी अधिकारी. फिटरच्या मुलीने इथे यावे तर चुकीच्या खरेदीची चैन तिला परवडत नाही. म्हणूनच निवड जपून करायची.

दुकानात पहिला प्रश्न असतो बोअरचा. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची. म्हणून आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. वीस बोअर ही बारापेक्षा लहान. स्पर्धेसाठी बाराच घ्यावी. नियमाने काडतुसात २४ ग्रॅमपेक्षा जास्त छर्रे चालत नाहीत, त्यामुळे मोठ्या बोअरची भीती बाळगण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न वजनाचा. नवखा माणूस हलकी बंदूक उचलतो आणि खूश होतो. इथेच तो फसतो. काडतूस तेच असेल, तर बंदूक जितकी हलकी तितका धक्का मोठा. तीन किलोच्या बंदुकीच्या धक्क्याची ऊर्जा ३.६ किलोच्या बंदुकीपेक्षा सुमारे वीस टक्के अधिक असते. शिकारीची बंदूक दिवसभर खांद्यावर वाहायची आणि मोजकीच झाडायची, म्हणून ती हलकी करतात. इथे एका दिवसात शंभर बार होतात. घरात आजोबांची दुनळी आहे, तिनेच सुरुवात करू का, असे पुष्कळ जण विचारतात. करू नये. तबकड्यांची बंदूक साडेतीन ते चार किलोची, एकावर एक नळ्या असलेली असते. एकच नळी डोळ्यांपुढे राहिल्याने रोख धरणे सोपे जाते.

तिसरी गोष्ट चोकची. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेले किंचित आकुंचन. पूर्ण चोक असला, तर ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात सुमारे सत्तर टक्के छर्रे पडतात. अजिबात नसला, तर चाळीस. ट्रॅपची तबकडी पस्तीस मीटरच्या आसपास फुटते, तिथे घट्ट चोक हवा. स्कीटची तबकडी वीस मीटरच्या आत-बाहेर असते, तिथे मोकळा. ट्रॅपची नळी बहुधा ३० ते ३२ इंच, स्कीटची २८ ते ३०. तेव्हा कोणता प्रकार खेळायचा हे ठरविल्यावाचून दुकानाची पायरी चढू नये.

आता मुख्य मुद्दा, दस्त्याचा. रायफलीला मागे-पुढे दोन माश्या असतात. या बंदुकीला पुढे एक मणी असतो. मागची माशी नसते. मागची माशी म्हणजे आपला डोळा! आणि डोळा कुठे राहील हे दस्ता ठरवितो. आम्ही त्रैराशिक मांडून पाहिले. डोळ्यापासून मण्यापर्यंत अंतर सुमारे एक मीटर. डोळा ३ मिलिमीटर वर सरकला, तर पस्तीस मीटरवर बार सुमारे १० सेंटिमीटर वर जातो. तबकडी ११ सेंटिमीटरची. म्हणजे दस्त्याची ३ मिलिमीटरची चूक जवळजवळ एका तबकडीएवढी होते. ट्रॅपची तबकडी वर चढत असते, म्हणून तिथला दस्ता मुद्दाम थोडा उंच ठेवतात. बार जरासा वर जातो आणि तबकडी नळीच्या वर दिसत राहते.

माप पाहण्याची रीत साधी आहे. बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. मग डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी, गाल दस्त्यावर टेकवावा आणि डोळे उघडावेत. नळीवरची पट्टी आणि मणी सरळ डोळ्यांसमोर आले पाहिजेत. त्यासाठी मान वाकवावी किंवा गाल उचलावा लागला, तर तो दस्ता आपला नव्हे. चाप धरलेल्या हाताचा अंगठा आणि नाक यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहिले, तर लांबी साधारण ठीक समजावी.

एक प्रयोग बसल्या जागी करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या दिव्याकडे बोट दाखवा. आता डावा डोळा मिटा. बोट दिव्यावरच राहिले, तर आपला उजवा डोळा मालक आहे. बाजूला सरकले, तर डावा. उजव्या खांद्याच्या माणसाचा डावा डोळा मालक निघाला, तर त्याने डाव्या खांद्यावरून शिकावे किंवा चष्म्याच्या डाव्या काचेवर लहानशी चिकटपट्टी लावावी. हे न पाहता माणसे वर्षभर काडतुसे जाळतात.

जुनी बंदूक घेणाऱ्याने पुढचा लाकडी दस्ता काढून नळ्या हलवून पाहाव्यात. खुळखुळ जाणवली, तर सौदा सोडावा. काडतुसाचे घर ७० मिलिमीटरचे आहे की जुन्या धाटणीचे ६५ चे, हे विचारावे. ६५ च्या घरात ७० चे काडतूस झाडले, तर दाब वाढून जिवावर बेतू शकते. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना आधी, बंदूक मागाहून. आणि सगळे पैसे बंदुकीतच घालू नयेत. ती एकदा घ्यायची असते, काडतुसे रोज. कानांना बोळे आणि डोळ्यांना चष्मा पहिल्या दिवसापासून हवा. घण मारता मारता बहिरे झालेले आमचे सोबती आम्ही पाहिले आहेत. शिसे हाताळल्यावर हात धुतल्याखेरीज भाकरीला हात लावू नये.

त्या मुलीच्या बंदुकीचे माप घेतले, तेव्हा दस्ता तिला एक इंच लांब आणि गालाशी खोल निघाला. तो कुणा उंच पुरुषासाठी घडविलेला होता. परवानाधारक कारागिराने दस्ता इंचभर कापला, गालाखाली लाकूड चढविले. महिन्यात खांद्यावरचा डाग गेला. परवा तिने पंचवीसपैकी एकवीस तबकड्या फोडल्या. आम्हाला म्हणाली, "काका, तीन महिने मी मलाच शिव्या देत होते."

ज्यांना हे पोरीच्या खांद्याचे काम वाटत नव्हते, त्यांना एक गोष्ट सांगतो. १९९२ साली बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्ये स्कीटची स्पर्धा स्त्री-पुरुषांची एकत्र होती. सुवर्णपदक चीनच्या झांग शान या तरुणीने जिंकले. पुढच्या, १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये ती स्पर्धा फक्त पुरुषांची ठेवली होती! स्त्रियांची वेगळी स्पर्धा २००० साली आली.

श्रोतेहो, आपल्यापैकी फार थोडे जण बंदूक विकत घेतील. पण मुलाला बाकावर, सुनेला ओट्याशी, कामगाराला यंत्रापुढे आपण रोजच उभे करतो. काम जमत नाही असे दिसले, की जिभेवर शिवी येण्याआधी हातात मोजपट्टी घ्यावी.