दाभोळचं बंदर आणि एक घुमट



सकाळी आपण इथलं श्री भवानी संग्रहालय पाहिलं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे. १९३८ मध्ये त्यांनी टेकडीवर हे संग्रहालय उभं केलं. तुम्ही रविवर्म्यांपाशी आणि हेन्री मूरच्या शिल्पापाशी रेंगाळलात. मी मात्र तैलचित्रांवर कोणता थर आधी पडला आणि कोणता नंतर, ते शोधत होतो. सवय लागलीय.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, चित्रकला कुठे शिकलेलो नाही. नानी गेल्यावर दाभोळचं बंदर तैलरंगात काढायला घेतलं. तिचं घर तिथलं.

वाशिष्ठीच्या पलीकडून, धोपाव्याच्या धक्क्यावरून, समोर अख्खं दाभोळ दिसतं. फेरीबोट, होड्या, कौलं, माड आणि किनाऱ्यालगत आदिलशाही काळातली काळ्या दगडाची शाही मशीद. लोक तिला अंडा मशीद म्हणतात. एकेकाळी इथून हजची जहाजं सुटायची, अरबस्तानातले घोडे इथे उतरायचे.

पहिल्या दिवशी निम्मं चित्र झालं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला गेलो तर पाणी बदललेलं, होड्यांची तोंडं भलतीकडे. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, हे कोकणातल्या पोराला माहीत नसावं! मग हिशेब केला. साधारण १५ दिवसांनी भरती पुन्हा जवळपास त्याच वेळेला येते. म्हणजे एक शनिवार सोडून एक शनिवार. रंगालाही ते सोयीचं. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन ते हळूहळू घट्ट होतं. खालचे थर टर्पेंटाइन घालून पातळ, वरचे जास्त तेलाचे. उलटं केलंत तर वरचा थर आधी वाळतो आणि मग तडकतो. पाण्यातल्या सावलीचंही असंच, नीट बघावं लागतं. काळ्या होडीचं प्रतिबिंब होडीहून किंचित उजळ असतं, पांढऱ्या भिंतीचं किंचित गडद.

आता खरी गोष्ट सांगतो. चित्र झालं, ऑफिसच्या प्रदर्शनात लागलं, सगळ्यांना आवडलं. त्यात मशीद नव्हती. कुणी काढ म्हटलं नव्हतं. मीच त्या जागी चार माड रंगवले होते. ‘कशाला उगाच विषय’ एवढंच मनात आलं होतं. नावावरून आधीच चार प्रश्न येतात, चित्रावरून पाचवा नको.

अम्मीने चित्र बघितलं आणि विचारलं, “नानीचं घर कुठंय यात?”

“मशिदीच्या मागे. दिसत नाही.”

“मग मशीद कुठंय?”

मी म्हटलं, रचनेत बसत नव्हती. ती काही बोलली नाही, चहा टाकायला गेली.

मुस्लिमाने चित्र काढावं का, असंही मला आपल्यातलेच विचारतात. मी त्यांना कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांकडे पाठवतो. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला, बाबूराव पेंटर त्यांना मानायचे. पंचगंगा, कोटीतीर्थ, घाट, देवळं हे सगळं त्यांनी रंगवलं. समोर जे होतं ते सगळं. मला समोरचा एक घुमट झेपला नाही.

पुढच्या शनिवारी चित्र पुन्हा धोपाव्याला नेलं. माड वाळून घट्ट झाले होते. पॅलेट नाइफने वरचे उंचवटे खरवडले आणि त्यांच्यावर घुमट आणि चार मिनार रंगवले. दगड नुसता काळा नाही, सकाळी त्यात जांभळा दिसतो. तो जांभळा मिळवण्यात चार शनिवार गेले, म्हणजे दोन महिने.

चित्र आता अम्मीच्या खोलीत आहे. तैलरंग जुना होतो तसा थोडा पारदर्शक होतो, खालचं वर दिसायला लागतं. आणखी चाळीसेक वर्षांनी त्या मिनारांतून माझे माड दिसू लागतील बहुतेक. तोवर कुणी विचारलंच, तर हे सांगा.